भोक की बर?

"मॅडम, तुम्ही भोक मोजलंत की बर?"

नव्या ट्रेनी मुलीनं आज दुपारी विचारलं आणि रिजेक्टचा लाल टॅग लावता लावता माझा हात थांबला. बर म्हणजे ड्रिल केल्यावर भोकाच्या काठाला उरणारी धातूची पातळ कड.

भोसरीतली आमची स्टँडर्ड रूम, म्हणजे पार्टची मापं तपासायची खोली. तांदळाच्या दाण्याएवढी स्टेनलेस स्टीलची चकती, मधे ०.३ मिलिमीटरचं भोक, टॉलरन्स, म्हणजे चालणारा फरक, अधिक-उणे ५ मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन). कॅमेऱ्यानं माप घेणारं व्हिजन मशीन ७ मायक्रॉन कमी दाखवत होतं. रूम २० अंशांवर, पार्ट तासभर तिथंच ठेवलेला, कॅलिब्रेशन ताजं. मी लॉट गेलाच असं धरून बसले होते.

तिनं चकती उलटी ठेवली. खालचा लाइट बंद करून वरचा रिंग लाइट लावला. भोकाच्या काठाला कांद्याच्या पापुद्र्यासारखी धातूची कड चमकली. बर आत वाकली होती आणि खालच्या उजेडात मशीन तिच्याच सावलीला भोकाचा काठ समजत होतं.

डीबरिंग करून, म्हणजे बर काढून, परत मोजलं. ०.२९९.

मी तर ड्रिल बदलायला सांगणार होते! मोठं ड्रिल लागलं असतं, तर पुढची सगळी भोकं मोठी झाली असती. आणि मोठं झालेलं भोक परत लहान होत नाही.

दशांशानंतरचे तीन आकडे स्क्रीनवर दिसले की आपण पार्टकडे बघणंच सोडतो, हे दिवसभर डोक्यातून जात नाहीये. रिपोर्टवर आज तिचीही सही घेतली.

तुमच्या शॉपमध्ये ट्रेनी असा प्रश्न विचारू शकतात का?