५० मिलिमीटरची रिंग

आजीचा साज आईकडं आला आणि तो मोडून नवीन काहीतरी करायची चर्चा घरात सुरू झाली. मोडायच्या आधी पानड्यांचे, म्हणजे साजात ओवलेल्या सोन्याच्या छोट्या नक्षीच्या तुकड्यांचे, जवळून फोटो काढायचे, तेही फिल्मवर, हा हट्ट माझा. काकांचा स्टुडिओ बंद झाल्यापासून त्यांचा मामिया सी ३३० कपाटात पडून होता.

पण हा दोन लेन्सचा कॅमेरा. वरच्या लेन्समधून आपण बघतो, फोटो निघतो खालच्या लेन्समधून. जवळच्या कामाला हा कसला उपयोगाचा, म्हणून मी आधी दुसरीकडंच बघत बसलो. हॅसलब्लाड कॅमेऱ्यात जे दिसतं तेच फिल्मवर येतं, पण त्याची नेहमीची ८० मिलिमीटरची लेन्स ९० सेंटिमीटरच्या आत फोकस होत नाही. म्हणजे लेन्स पुढं नेणारी एक्स्टेन्शन ट्यूब घ्या, नाहीतर जवळच्या फोटोंसाठीची १२० ची मॅक्रो लेन्स. मामिया आरबी ६७ ला बेलो, म्हणजे लेन्स पुढं-मागं नेणारा घड्यांचा भाता, अंगचाच, पण धूड केवढं! किमती विचारल्या. कॅमेरा घ्यायला साजच मोडावा लागला असता.

मग एका रविवारी काकांच्या कॅमेऱ्याची फोकसची मूठ सहज शेवटपर्यंत फिरवली, आणि पुढचा भाग बेलोसकट बाहेरच येत राहिला. यालाही बेलो आहे की! ८० ची लेन्स पूर्ण बाहेर काढून समोर स्टीलची पट्टी धरली, तर वरून बघायच्या काचेवर तिचे साधारण ११ सेंटिमीटर मावले. फिल्मवरची चौकट ५.६ सेंटिमीटरची, म्हणजे वस्तूच्या निम्म्या आकाराचं चित्र. एवढ्यावर खूश होऊन मी लगेच रोल भरला.

तो पहिला रोल वाया गेला. साज काळ्या मखमलीवर उभा टांगला होता, आणि बाराही निगेटिव्हमध्ये वरच्या पानड्या गायब, खाली नुसती मखमल. दोन्ही लेन्सच्या मध्यांत ५० मिलिमीटरचं अंतर असतं. दहा फुटांवर ते कळत नाही. इथं अख्खी चौकटच ११ सेंटिमीटरची, म्हणजे जवळजवळ अर्धी सरकली. आणि कॅमेरा मला ते सांगतही होता! फोकस जवळ आणला की काचेवर एक काटा खाली सरकतो, त्याच्या वरचं फोटोत येणार नाही म्हणून. मला वाटलं, जुना कॅमेरा, काहीतरी सैल झालंय.

यावर मामियाचं स्वतःचं साधन आहे, पॅरामेंडर. ट्रायपॉड आणि कॅमेऱ्याच्या मध्ये बसतं, फोकस झाला की कॅमेरा बरोबर ५० मिलिमीटर वर उचलतं. ते काही जवळपास मिळेना. पण बाबूराव पेंटरांनी ज्या गावात सिनेमाचा कॅमेरा बनवला, त्या कोल्हापुरात राहून एवढ्यासाठी अडायचं? माझ्या ट्रायपॉडचा मधला दांडा वरखाली होतो. दांड्यावर बाजूनं बसेल अशी, एका अंगाला फाक असलेली ५० मिलिमीटर उंचीची रिंग हवी होती. कारखान्यांच्या उद्यमनगरात गेलो.

लेथवरच्या मामांनी कागदावरचं चित्र उलटं-सुलटं करून बघितलं. "एवढंच व्हय? बसा की." अॅल्युमिनियमचा तुकडा कातला, व्हर्नियर लावला, पुन्हा केसभर कातला. "पन्नास. बघा." पैसे चहाइतकेच घेतले, वर चहाही पाजला.

आता दांडा खाली ठेवून फोकस करायचा, मग दांडा उचलून रिंग अडकवायची आणि बटण दाबायचं. कॅमेरा मात्र सरळच हवा. खाली झुकवला की हिशेब चुकतो.

एक्स्पोजरचं गणित सोपं निघालं. लेन्स पुढं गेली की फिल्मवर प्रकाश कमी पडतो; निम्म्या आकाराला दीड गुणिले दीड, म्हणजे सव्वादोन पट. मीटर एफ १६ ला, म्हणजे लेन्सचं छिद्र बारीक ठेवून, अर्धा सेकंद म्हणत होता, मी एक सेकंद दिला. एफ १६ ला फोकसची खोली जेमतेम सेंटिमीटरभर मिळते, साजाला तेवढी पुरते. पंखा बंद, खिडकी बंद, आईला "हलू नकोस" म्हणून ताकीद. एकेका पानडीसाठी क्लोज-अप काचही लावून बघितली. लेन्सचं छिद्र पूर्ण उघडं ठेवलं की चित्राच्या कडा विरघळतात, एफ १६ ला चालतं.

रोल बाथरूममध्येच धुतला. आईनं निगेटिव्ह खिडकीशी धरली, भिंगातून एका पानडीवर थांबली. पत्रा चेपून फाटला होता, आतली लाख दिसत होती.

"ही तुझ्या आत्यानं चावली होती. दात येत होते तिला."