सड्यावरच्या चिखलात जुनी फोर-बाय-फोर गाडी की नवी?

पावसाळ्यात साताऱ्याजवळच्या चाळकेवाडीच्या सड्याकडच्या (जांभ्याच्या पठाराकडच्या) कच्च्या वाटेवर जांभ्यावर शेवाळ आणि चाकोरीत लाल राड असते. (कासच्या पठारावर गाडी घालायचीच नाही, तो जागतिक वारसा आहे.)

जुन्या ८० सीरिज लँड क्रूझरला पुढेमागे अखंड अ‍ॅक्सल, म्हणजे डाव्या-उजव्या चाकांना जोडणारा एकच कडक दांडा. एक चाक दगडावर चढलं की दुसरं आपोआप खाली दाबलं जातं. डिफ लॉक (दोन्ही चाकांना एकाच वेगाने फिरायला लावणारं कुलूप) असेल तर चाक घसरायच्या आधीच दोन्ही सारखी फिरतात. मात्र पुढचा लॉक लावून स्टिअरिंग वळवणं म्हणजे दंडाची परीक्षा.

२००२ नंतरच्या रेंज रोव्हरची चारही चाकं स्वतंत्रपणे वरखाली होतात. तिथे घसरणाऱ्या चाकाला कॉम्प्युटर ब्रेक लावतो, म्हणजे आधी घसरू द्यावं लागतं. घाबरून पाय काढू नका. हलका, एकसारखा अ‍ॅक्सिलरेटर ठेवा.

नवीचं खरं दुखणं दोन ठिकाणी. २१ इंची रिमवर टायरची भिंत इतकी बुटकी की हवा उतरवायला वावच नाही. जुनीच्या उंच टायरमध्ये हवेचा दाब २० पीएसआय ठेवला की पकड लगेच वाढते. डांबरीवर येण्याआधी पुन्हा भरा. दुसरं, एअर सस्पेन्शनची (स्प्रिंगऐवजी गाडी हवेवर तोलणारी) रबरी पिशवी घडीवर चिरते, मग हवा भरणारा कॉम्प्रेसर सतत चालून जळतो. रात्रीत गाडीचा एक कोपरा खाली बसला तर पिशवीच्या घडीवर साबणाचं पाणी मारा, बुडबुडे दिसतील.

ओढा ओलांडताना मात्र नवीच सरस.