बिनपगारी, आणि फुल अधिकारीही नाही

अमेरिकन कॉलेज फुटबॉलची आपल्यापर्यंत येते ती बातमी नेहमी मोठ्या आकड्यांची. नोव्हेंबर २०२३ मध्ये टेक्सास ए अँड एम विद्यापीठाने मुख्य कोच जिंबो फिशर यांना घरी पाठवलं, तेव्हा करार मोडल्याबद्दल त्यांना ७ कोटी डॉलरहून जास्त देणं निघालं. (हा फुटबॉल कोल्हापूरच्या पेठांमधला नव्हे, हेल्मेट-पॅडवाला, लांबट चेंडूचा.) ज्या खुर्चीला हा भाव आहे, तिच्याकडे जाणारी वाट मात्र रात्री एक वाजता प्रिंटरमध्ये अडकलेला कागद ओढून काढणाऱ्या पोराच्या टेबलावरून सुरू होते. त्या पोराला ‘जीए’ म्हणतात, म्हणजे ग्रॅज्युएट असिस्टंट.

जीए हा कागदोपत्री विद्यार्थी असतो. पदवी झालेली, पदव्युत्तर अभ्यासक्रमाला प्रवेश घेतलेला, साधारण दोन वर्षांसाठी. बदल्यात फी माफ आणि थोडा स्टायपेंड. महिन्याला दीड हजार डॉलर धरा. हंगामात आठवड्याला ८० तास सहज भरतात, म्हणजे तासाला साडेचार डॉलरसुद्धा पडत नाहीत. अमेरिकेचं केंद्रीय किमान वेतन २००९ पासून तासाला ७.२५ डॉलर आहे.

मग हे चालतं कसं? एक तर, विद्यार्थी म्हणून मिळणारा स्टायपेंड हा पगार मानायचा की नाही इथेच सगळं धूसर आहे. दुसरं, तिथल्या कामगार कायद्यात शिक्षकांना ओव्हरटाइम आणि किमान पगाराच्या अटीतून सूट आहे, आणि ज्याचं मुख्य काम खेळाडूंना शिकवणं आहे असा कोचही तिच्यात बसू शकतो. गंमत म्हणजे खेळाडूंना हंगामात आठवड्याला २० तासांची मर्यादा आहे. कोचला कसलीच नाही.

बास्केटबॉलमध्ये एकदा हे अंगाशी आलं होतं. एनसीएए या नियामक संस्थेने एका कनिष्ठ कोचपदाची कमाई शैक्षणिक वर्षाला १२ हजार आणि उन्हाळ्याला ४ हजार डॉलरवर बांधून टाकली होती. कोच कोर्टात गेले, जिंकले, आणि १९९९ मध्ये प्रकरण ५ कोटी ४५ लाख डॉलरवर मिटलं. फुटबॉलचे जीए त्या निकालाच्या बाहेरच राहिले.

जीए दिवसभर करतो काय? मुख्यतः दोन कामं, फिल्म आणि कार्ड.

फिल्म म्हणजे पुढच्या प्रतिस्पर्ध्याचे शेवटचे चार सामने. एका सामन्यात त्यांच्या आक्रमणाचे ६५-७० डाव, म्हणजे चार सामन्यांचे २७०च्या आसपास. प्रत्येक डावाची नोंद करायची: कितवा डाऊन (दहा यार्ड पुढे सरकायच्या चार संधींपैकी कितवी), किती यार्ड हवे होते, चेंडू कुठल्या हॅशवर (मैदानावर आखलेल्या डाव्या-उजव्या खुणांपैकी), कुठले खेळाडू मैदानात, रचना कोणती, मोशन होती का (डाव सुरू व्हायच्या आधी कुणी जागा बदलली का), शेवटी झालं काय. नीट केलं तर डावामागे अडीच मिनिटं, म्हणजे ११ तासांच्या वर. आणि हे प्रतिस्पर्ध्याचा आठवडा उजाडायच्या आत तयार हवं, म्हणून जीए कायम एक आठवडा पुढे जगत असतो.

चूक होते ती खेळाडूंच्या नोंदीत. ‘११’ म्हणजे एक रनिंग बॅक (चेंडू घेऊन पळणारा) आणि एक टाइट एंड (ओळीच्या टोकाचा, अडवणारा आणि झेलणाराही). ‘१२’ म्हणजे एक बॅक, दोन टाइट एंड. ‘२१’ म्हणजे दोन बॅक, एक टाइट एंड. आता टाइट एंडसारखा धिप्पाड गडी बॅकफिल्डमध्ये, म्हणजे पुढच्या ओळीच्या मागे, उभा राहिला, तर त्याला मोजायचं कशात? एका जीएने १२ लिहिलं, दुसऱ्याने २१, की एकाच सवयीचे दोन तुकडे होतात आणि अहवालात दोन्ही किरकोळ दिसतात. सामन्यात तोच डाव पाच वेळा अंगावर येतो. उपाय साधा आहे. ऑगस्टमध्येच व्याख्यांचं एक पान लिहून भिंतीवर चिकटवायचं आणि गड्याची मोजणी तो उभा कुठे आहे यावर नाही, त्याच्या जर्सी नंबरवर करायची.

कार्डं म्हणजे स्काउट टीमसाठी काढलेली चित्रं. तिसऱ्या-चौथ्या फळीतले खेळाडू सरावात प्रतिस्पर्ध्याचं सोंग घेतात. जीए त्यांच्या घोळक्यात कार्ड उंच धरतो आणि आठ-दहा सेकंदांत प्रत्येकाने आपली रेघ, म्हणजे आपली पळायची वाट, शोधायची. मंगळवार-बुधवारच्या सरावाला अशी रोज ३०-४० कार्डं लागतात.

नवख्याची हमखास चूक दिशेची. बचावाच्या बाजूचा जीए दिवसभर बचावाच्या नजरेने फिल्म पाहतो, म्हणून कार्डही तसंच काढतो, बचाव खाली आणि आक्रमण वर. स्काउट आक्रमणाच्या हातात ते उलटं जातं. डावीकडचा रिसीव्हर (पास झेलणारा) उजवीकडे उभा राहतो, त्याला पाहून सेफ्टी (सगळ्यात मागचा बचावपटू) चुकीच्या बाजूला सरकतो आणि अख्खी फेरी वाया जाते. ओरडा रिसीव्हरला नाही, जीएला बसतो. बघणारा ज्या बाजूला उभा, त्या बाजूने कार्ड काढायचं, आणि हॅशही त्याच्याच डाव्या-उजव्याने.

रेघ किती यार्डांवर वळते तो आकडा जाड मार्करने लिहावा. १२ यार्डांऐवजी पोरगा ८ वर वळला, तर त्याला रोखणारा कॉर्नरबॅक आठवडाभर चुकीची वेळ घोकत राहतो. प्रतिस्पर्ध्याची डावांची नावं कार्डावर घालू नयेत, बाण पुरतो. कार्डं प्लास्टिकच्या कव्हरमध्ये, कोपऱ्यात क्रमांक टाकून. वारा सुटला की क्रमांकाची किंमत कळते.

जागा स्वीकारण्याआधी काही गोष्टी लेखी विचाराव्यात. फी माफ म्हणजे नुसती शिकवणी फी की बाकीचे आकारही? उन्हाळ्यात स्टायपेंड चालू राहतो का? आरोग्य विमा कोणाचा? आणि कर? अध्यापन-संशोधन करणाऱ्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांना फी माफीवर जी करसवलत आहे, तिच्यात क्रीडा विभागाचा जीए सहसा बसत नाही. त्यामुळे अनेक विद्यापीठांत वर्षाला ५,२५० डॉलरच्या वरची माफी उत्पन्न धरली जाते आणि आधीच लहान असलेला चेक आणखी लहान होतो. भारतातून एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर गेलेल्याला तर सत्र चालू असताना कॅम्पसवर आठवड्याला २० तासच काम करता येतं. ८० तासांची अपेक्षा असलेल्या खोलीत हा आकडा पहिल्याच दिवशी बोलून ठेवावा.

जून २०२४ पासून नियम बदलले. मोठ्या विद्यापीठांत पूर्वी मुख्य कोचखेरीज दहाच असिस्टंट कोच आणि ठरावीक जीए मैदानावर शिकवू शकायचे. आता ॲनालिस्ट, म्हणजे पूर्वी फक्त पडद्यामागे विश्लेषण करणारी मंडळीही शिकवतात. म्हणून माझं मत असं की मोठ्या नावाच्या मागे जाऊन कार्डंच काढत बसण्यापेक्षा, जिथे एखादी पोझिशन (एकाच जागी खेळणाऱ्यांचा गट) पूर्ण हातात मिळते असं लहान कॉलेज बरं. तिसऱ्या डिव्हिजनमध्ये, म्हणजे एनसीएएच्या सगळ्यात खालच्या श्रेणीत, पैसे आणखी कमी, आणि जोडीला प्रवेश विभागातलं काम किंवा कपडे धुण्याची ड्यूटी. पण सहा-सात लाइनमन (पुढच्या ओळीत भिडणारे खेळाडू) तुमचे असतात.

त्यापुढची शिडी सरळ नाही. पुढे अलाबामाचे नामवंत मुख्य कोच झालेले निक सेबन १९७३ मध्ये केंट स्टेट विद्यापीठात जीए झाले ते बायकोचं शिक्षण संपायला एक वर्ष होतं म्हणून. पुढे क्लेमसन विद्यापीठाचे मुख्य कोच झालेले डॅबो स्विनी अलाबामात जीएपासून पोझिशन कोचपर्यंत चढले, २००० च्या हंगामानंतर मुख्य कोचबरोबर सगळा स्टाफ गेला, आणि त्यांनी दोन वर्षं व्यापारी जागांच्या व्यवहारात काढली. २००३ मध्ये क्लेमसनने बोलावलं. कर्ट सिग्नेटी यांनी २०११ मध्ये, वयाच्या ४९ व्या वर्षी, अलाबामातली असिस्टंटची नोकरी सोडून दुसऱ्या डिव्हिजनमधलं मुख्य कोचपद घेतलं. इंडियाना विद्यापीठाच्या मुख्य कोचपदापर्यंत पोचायला त्यांना आणखी तेरा हंगाम लागले.

ही उदाहरणं पोचलेल्यांची. न पोचलेले बहुधा कौशल्यात कमी पडलेले नसतात. तिशीत घरभाडं कोण भरणार याचं उत्तर त्यांच्याकडे नसतं. ज्याच्या घरी नोकरी करणारी बायको किंवा पैसेवाला बाप, तो टिकतो. त्यात मुख्य कोच गेला की बहुतेकदा सगळे जातात: त्याच्या करारात नुकसानभरपाई, असिस्टंटला एक-दोन वर्षांचा करार, जीएच्या हातात काही नाही.

मग जानेवारीत कोचेस असोसिएशनचं अधिवेशन. खरी नोकरभरती व्यासपीठापासून लांब, हॉटेलच्या लॉबीत चालते. तिथे बायोडेटा वाटत फिरण्याचा फारसा उपयोग नाही; ज्याच्यासाठी कार्डं काढली असा एक असिस्टंट बरोबर घेऊन उभं राहावं, आणि खोली चौघांत वाटून घ्यावी.