तुम्ही विचारलंत म्हणून सांगते, त्या ड्रायव्हरचं काय केलं

हा प्रश्न मला गेली काही वर्षं कुणी ना कुणी विचारतंच. स्टाफरूममध्ये डबा खाताना, लग्नात पंगतीला शेजारी बसलेली बाई, एकदा तर औशाच्या स्टँडवर एसटीची वाट बघताना. "मॅडम, तुमच्या भावाला ज्यानं मारलं त्याला म्हणे तुमच्या घरच्यांनी माफ केलं, आणि केस पण मागं घेतली, कसं काय जमलं हो?" मी बहुतेक वेळा "आईला विचारा" म्हणून विषय बदलते. पण परवा एका ताईंनी फोनवर हेच विचारलं आणि त्यांचा पोरगा जाऊन तीनच महिने झालेत, त्यांना असं टाळता येईना. फोनवर धड बोलता आलं नाही म्हणून इथं लिहितेय, जरा लांबेल.

आधी केसचं सांगते, कारण त्यात सगळ्यांचा घोळ होतो. केस मागं घेतलेली नाही. घेता येतच नाही. जुन्या दंडविधानातलं कलम ३०४ अ म्हणजे हयगयीनं मृत्यू, आणि हा तडजोडीचा गुन्हा नाही, सरकार विरुद्ध आरोपी अशी केस असते, आपण फक्त साक्षीदार. शिक्षा जास्तीत जास्त दोन वर्षं. आता २०२४ च्या जुलैपासून नवीन कायद्यात कलम १०६ आलंय आणि पाच वर्षांपर्यंत केलंय, पण आमचं प्रकरण जुनं. तडजोड झाली ती नुकसानभरपाईच्या दाव्यात, इन्शुरन्स कंपनीसोबत, लोकअदालतीत. ते वेगळं आणि हे वेगळं. लोकांनी दोन्हीची खिचडी केली आणि "आईनं केस सोडली" असं गावभर झालं. आणि माफ हा शब्द तर आमच्या घरात आजपर्यंत कुणी उच्चारलेला मला आठवत नाही.

झालं असं, २०१९ चा जानेवारी, उसाच्या गळिताचा हंगाम जोरात. माझा धाकटा भाऊ रात्री नऊ-साडेनऊला मोटरसायकलवर औशाला निघाला, लेकराला ताप होता, वहिनी म्हणाली मेडिकल बंद व्हायच्या आत औषधाची बाटली आणा. रस्त्यात उसाची डबल ट्रॉली टायर बसून उभी होती, अर्ध्या डांबरावर, मागं ना लाईट ना रेडियम, चार दगड मांडलेले तेवढेच. समोरनं जीप आली असणार, डोळ्यावर लाईट आला असणार, पुढचं तुम्ही समजून घ्या. ज्यांच्याकडं ऊस आहे त्यांना हे चित्र नवीन नाही.

ड्रायव्हर पळून गेला. वीस वर्षांचं पोरगं, बीडकडचं, आईबाप ऊसतोडीवर. पळून गेला म्हणल्यावर सगळ्यांना जे वाटतं तेच आम्हाला वाटलं. पुढं पोलिसांच्या कागदात निघालं की १०८ ला पहिला फोन त्याच्याच मोबाईलवरून गेला होता, आणि अॅम्ब्युलन्स येईपर्यंत तो बाजूच्या उसात बसून होता, कारण गर्दी जमली असती तर त्याला जित्ता सोडला नसता. हे मला कळलं तेव्हा मी म्हणाले, मोठे उपकार केले. खरंच असंच म्हणाले, खोटं कशाला सांगू.

आता खरा मुद्दा. आपल्याकडं माणूस गेला की बोल कुणाला तरी लावावाच लागतो, आणि गंमत बघा, तो ज्याच्यावर लागायला पाहिजे तिथं थांबत नाही. पाणी कसं उताराला पळतं तसा तो घरात जो सगळ्यात खाली असेल त्याच्याकडं पळतो. ट्रॅक्टरचा मालक, ज्यानं दोन-तीनशे रुपयाचं रेडियम लावलं नाही, तो कुणाला सापडला नाही. ड्रायव्हर फरार. मग उरलं कोण? आठव्या दिवशी आमची एक चुलती अंगणात बसून दोघी-तिघींना सांगायली होती, हिनंच धाडलं की रात्रीचं, पांढऱ्या पायाची, आल्यापासून ह्या घरात एक धड झालं नाही. वहिनी आत चुलीपाशी, दार उघडं, सगळं ऐकू येत होतं. तिनं उलट काहीच केलं नाही. रात्री मात्र भांडी घासता घासता स्वतःशीच बोलायला लागली, "मीच धाडलं त्यांना. मीच धाडलं." तेच, परत परत.

आई ओट्यावर होती. ते ऐकून ती जागची उठली आणि थेट तिच्याजवळ जाऊन बसली, राखेच्या हातासकट तिचा हात धरला. मला वाटलं सुनेची कीव आली. तसं नव्हतं. तिनं ते वाक्य आधी ऐकलेलं होतं.

त्यासाठी मागं जावं लागेल. आईचं माहेर किल्लारीपासून आठ-दहा किलोमीटरवर. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं, आमच्याकडच्या माणसाला भूकंपाची ही वेळ घड्याळात बघावी लागत नाही. आदल्या रात्री गणपती बुडवून लोक दमून झोपलेले. जवळपास दहा हजार माणसं गेली, आणि तो भाग सरकारी नकाशात तेव्हा सगळ्यात कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. भूकंपानं मारलं म्हणतात पण मारलं घरांनी. दोन-तीन फूट रुंद दगडी भिंती चिखलात रचलेल्या, वर माळवद, म्हणजे मातीचं सपाट छप्पर. माळवद गळू नये म्हणून पावसाळ्याआधी त्यावर पांढरी माती टाकायची पद्धत, दरवर्षी थोडी, बापानं टाकली, लेकानं टाकली, असा थर वाढत जायचा. उन्हाळ्यात आत गारेगार. भिंती फाकल्या आणि तो सगळा बोजा खाली बसला.

माझी आजी आणि सोळा वर्षांची मावशी त्यात गेल्या. आजोबा खळ्यावर राखणीला होते म्हणून राहिले. त्या वर्षी त्यांनी मेमध्ये माती जरा जास्तच टाकली होती, कारण आदल्या वर्षी मावशीच्या अंथरुणावर गळालं होतं. पुढची अकरा वर्षं तो माणूस एकच बोलायचा. नवीन गावात पत्र्याखाली बसून, समोर चहा गार होत चाललेला, आणि, "मीच माती टाकली गं." बाकी गाव वेगवेगळं बोलायचं, कुणी म्हणायचं गावात पाप वाढलं, कुणी म्हणायचं माकणीच्या धरणानं झालं, त्यावर तर शास्त्रज्ञसुद्धा वाद घालत होते. आजोबांना त्यातलं काही लागू पडायचं नाही. आई दर भेटीला म्हणायची, दादा, माती समद्या गावानं टाकली हुती. ते मान हलवायचे आणि पाच मिनिटांनी परत तेच.

आईनं स्वतःची आई आणि बहीण घालवली आणि वर अकरा वर्षं बापाला असं जळताना बघितलं. त्यामुळं चुलीपाशी "मीच धाडलं" ऐकल्यावर तिला काय झालं असेल ते मला नंतर कळलं. तेराव्याला सगळं गोत जेवायला बसलेलं असताना ती मध्ये उभी राहिली. आमची आई चारचौघांत बोलणारी बाई नाही, पदर दातात धरून बोलते. म्हणाली, "ह्या घरात आता कुणीच कुणाला बोल लावायचा न्हाई. ज्याला लावायचाय त्यानं जेवून घ्यावं आन् परत ह्या दारात येऊ नये." चुलती रागावून गेली. एक मामा म्हणाले, अक्का, घरचं ठीक आहे, पण त्या ड्रायव्हरला पण नाही का? आई म्हणाली, "त्यानं जे केलं ते कोर्टात सांगू की. हाय तसं सांगू."

हाय तसं, हे दोन शब्द पुढं फार महागात पडले. वकिलापासून नातेवाइकांपर्यंत सगळ्यांचा सल्ला एकच, पोरगा पिलेला होता म्हणून सांगा, वास आला म्हणावं, म्हणजे केस घट्ट होईल. आईनं ऐकलं नाही. साक्षीत ट्रॉलीला मागं काहीही नव्हतं हे तिनं ठासून सांगितलं, तिथं दया दाखवली नाही. दारूचं विचारलं तर म्हणाली मला म्हाईत न्हाई. केस अजून तारखांवरच आहे.

त्या पोराचे आईबाप आमच्याकडं आले ते पंधराव्या दिवशी. कारखान्याच्या बाजूच्या माळावर त्यांच्या कोप्या, म्हणजे ऊसतोड्यांच्या झोपड्या होत्या, तिथून चालत. मुकादमाकडून उचल म्हणजे आगाऊ पैसे घेतलेले, एक दिवस खाडा झाला तर पैसे कापणार, तरी आले. दुःखाच्या घरी काय घेऊन जावं हे त्यांना सुचलं नसावं, आणि होतं तरी काय त्यांच्याकडं, बापाच्या डोक्यावर वाढ्यांची, म्हणजे उसाच्या हिरव्या शेंड्यांची मोळी होती. आमच्या म्हशीसाठी. ती मोळी त्यांनी गोठ्याजवळ ठेवली आणि दोघं उंबऱ्याबाहेर बसले, बाईच्या दोन्ही हातांना पाचटानं कापलेलं, ती नुसती जमिनीकडं बघत होती. गावातली पाच-सहा पोरं गोळा झाली, वातावरण बरं नव्हतं. मला सांगायला लाज वाटते पण मला वाटत होतं की व्हावं काहीतरी. आईनं पोरांना हाकललं आणि त्या बाईला विचारलं, "लेकरू कुठंय तुमचं?" म्हणजे ड्रायव्हर. ती म्हणाली जामीन झालाय, पण जेवत न्हाई. आई बराच वेळ गप्प बसली आणि म्हणाली, "त्याला जेवायला सांगा."

मला त्या क्षणी आईचाच राग आला. भयंकर. माझा भाऊ गेला आणि हिला ह्याच्या जेवणाची काळजी. मी दोन महिने माहेरी गेले नाही. आणि वहिनी तर त्या दिवशी बाहेर आलीच नाही, आजही त्या पोराचं नाव काढलं तर उठून जाते. तिला कुणी विचारत नाही तुम्ही माफ केलं का, सगळे आईलाच विचारतात, कारण आईची गोष्ट ऐकायला बरी वाटते. वहिनीला आईनंही कधी आग्रह केला नाही. भरपाईचे पैसे वहिनीच्या आणि लेकराच्या नावावर आहेत, ती अंगणवाडीत मदतनीस आहे, आमच्याच घरात मानानं राहते. माझ्या मते आईनं जे काही मोठं केलं ते हे आहे, ड्रायव्हरचं नंतर.

देवाचं पण विचारतात लोक. आई माळकरी आहे, तुम्हाला वाटेल शांत असेल. छे. महिनाभर हरिपाठ बंद होता, आणि सुरू केला तो भांडतच. विठ्ठलाच्या फोटोसमोर जे काही बोलायची ते ऐकून माझा पोरगा घाबरायचा, आज्जी कुणाला शिव्या द्यायली म्हणून. जनाबाई आमच्याच मराठवाड्याची, गंगाखेडची, तिनंही विठ्ठलाला मनसोक्त शिव्या घातल्यात, तेव्हा ती परंपरा आईनं पाळली म्हणायचं. मला कुणी एकनाथांची गोष्ट सांगितली की वैताग येतो, तो माणूस सारखा थुंकतोय आणि नाथ हसत परत गोदावरीत आंघोळ करतायत. नाथ नाथ होते हो. आपण मास्तरीण आहोत.

त्यापेक्षा मला तेरची गोष्ट जवळची वाटते. गोरोबाकाकांच्या देवळात आईला घेऊन गेले होते, तेरणेच्या काठावर आहे, तिथं कीर्तन चालू होतं. गोष्ट सगळ्यांना माहितेय, गोरोबा भजनाच्या नादात चिखल तुडवतायत आणि स्वतःचं रांगतं लेकरू पायाखाली येतं. नीट विचार केला तर ही ३०४ अ च आहे. हयगय. कीर्तनकार भक्तीवर अर्धा तास बोलले आणि पाणी घेऊन परत आलेल्या त्यांच्या बायकोवर दोन मिनिटं. आई कानात म्हणाली, "तिला बघ की. तिला त्याच माणसाला पुन्हा भाकर वाढायची हाय." पुढं गोष्टीत लेकरू परत मिळतं. तिथं लोकांनी टाळ्या वाजवल्या, आम्ही दोघी उठून बाहेर येऊन बसलो. आई नदीकडं बघत म्हणाली, आपलं येत नसतंय. आणि मग पिशवीतनं शेंगदाण्याचा लाडू काढून मला दिला.

तर ताई, तुम्ही विचारलंत राग जातो का. माझा गेला नाही. त्या ड्रायव्हर पोरावरचा बराच गेला, तो आता उसावर नाही, पुण्याकडं कुठंतरी गोडाऊनमध्ये आहे एवढं ऐकलंय. मालकावरचा आहे तसा आहे, तो आजपर्यंत एकदाही दारात आला नाही आणि त्याच्या ट्रॉल्या दरवर्षी धावतात. पण "मी त्या दिवशी भावाला फोन केला असता तर तो उशिरा निघाला असता" वगैरे जे रात्री दोनला सुरू व्हायचं, ते आईच्या त्या तेराव्याच्या हुकुमानंतर हळूहळू बंद झालं. तुमचं ते चालू आहे, फोनवर कळलं मला. तुम्ही गाडी घेऊन दिली म्हणून झालं असं तुम्ही तीनदा म्हणालात.

गेल्या हंगामात शाळेतून उशीर झाला, येताना फाट्याजवळ एक ट्रॉली पुढं, मागं पूर्ण अंधार. हॉर्न वाजवून वाजवून थांबवली आणि त्या ड्रायव्हरला मी जे बोलले ते मास्तरणीला शोभणारं नव्हतं. पोरगाच होता, मिसरूड फुटलेलं, नुसता "हो मावशी, हो मावशी" करत होता. मग डिक्कीतला रेडियमचा रोल काढला, असतो आता कायम. तो मोबाईलची बॅटरी धरून उभा राहिला, मी पट्ट्या कापल्या. फळ्यांवर धुळीचा थर होता, आधी ओढणीनं पुसून घ्यावं लागलं, नाहीतर रेडियम धरत नाही.