गाविलगडाच्या डोंगरात पायी: इथला चढ शेवटी येतो

कोकणातल्या एखाद्या किनाऱ्यावरच्या गावातून डोंगराला निघालेला माणूस जवळपास समुद्राच्या पातळीवरून सुरुवात करतो. सकाळच्या गारव्यात चढ, माथ्यावर शिदोरी, उन्हं कलली की उतार. गाविलगडाच्या डोंगरातल्या चिखलदऱ्याला हे सगळं उलटं आहे. परतवाड्याहून एसटी घाटानं थेट वर आणून सोडते. गाव सुमारे १,११८ मीटर उंचीवर आणि पायी निघायचं ते खालच्या घळींकडं. म्हणजे सकाळी उतार, पाय ताजे, बाटल्या भरलेल्या. दुपारी बारानंतर, तापलेल्या दगडांवरून, उरलेल्या पाण्यावर चढ. इथली बहुतेक फजिती या एका उलटेपणातून होते.

पाण्याचा हिशेब म्हणूनच वेगळा करायचा. ‘अर्धं संपलं की मागं फिरा’ हा सह्याद्रीतला नियम इथं तोकडा पडतो, कारण परतीच्या वाटेला जास्त पाणी लागतं. पाच लिटर घेऊन निघालात तर दोन लिटर संपल्यावर वळायचं, मग पुढं कितीही छान दिसत असो. हिवाळ्यात माणशी तीन लिटर, फेब्रुवारीपासून पाच. किनाऱ्याकडच्या लोकांची इथं हमखास फसगत होते. तिकडं दमट हवेत अंगावर घाम निथळतो, त्यामुळं अंगातलं पाणी जातंय हे कळतं. इथल्या कोरड्या हवेत तो दिसायच्या आधीच उडून जातो. शर्ट सुकाच्या सुका, पाठीवर मिठाचे पांढरे डाग, आणि तहान लागेपर्यंत डोकं ठणकायला लागलेलं असतं. दर अर्ध्या तासाला चार घोट, तहान असो नसो. दर दोन लिटरमागं एक लिटर तरी मीठ-साखरेचं असावं. नुसतंच पाणी ढोसत राहिलं तर पोटऱ्यांत गोळे येतात. खिशातला कांदा बाळगायला हरकत नाही, कान झाकून बांधलेला दुपट्टा तर हवाच, पण दोन्ही पाण्याच्या जागी चालत नाहीत.

वाटेत पाणी मिळेल हा भरवसा दिवाळीनंतर सोडावा. लहान नाले जानेवारीपर्यंत आटतात. अगदीच वेळ आली तर नाल्याच्या वळणावर, आतल्या नव्हे तर बाहेरच्या काठाशी, जिथं पुरानं पात्र खोल खणलेलं असतं आणि वाळू हाताला थंड लागते, तिथं झिरा खोदायचा. कोपरभर खोल. पहिलं गढूळ पाणी दोनदा उपसून टाकायचं, तिसऱ्यांदा भरलं की कापडातून गाळून घ्यायचं आणि तरीही उकळून किंवा क्लोरीनची गोळी टाकूनच प्यायचं. गाविलगड किल्ल्यावरच्या तळ्यांचं पाणी पिऊ नये. आणि कुठल्याही पाणवठ्यावर संध्याकाळी बसू नये. ती वेळ जनावरांची.

डोंगराची रचना एकदा डोक्यात बसली की निम्मी चुकामूक टळते. गाविलगडची रांग दक्षिणेला, वऱ्हाडाच्या सपाटीकडं, भिंतीसारखी तुटते आणि तिकडचं पाणी पूर्णेला जातं. उत्तरेला मात्र ती सोंडा-सोंडांनी उतरत तापीकडं जाते. सह्याद्रीत तुटलेली बाजू पश्चिमेला असते, म्हणून तिकडून आलेल्याला कडा म्हटलं की मावळत आठवते. इथं कडा म्हणजे दक्षिण. १८०३ च्या डिसेंबरात इंग्रजांनाही हे ओळखूनच वागावं लागलं. त्यांचा सेनापती वेलस्ली यानं दक्षिणेला तळ देऊन किल्ल्याचं लक्ष गुंतवलं, आणि स्टीव्हन्सनच्या फौजेनं डोंगराला वळसा घालून, अवजड तोफा हातानं ओढत, उत्तरेला लबाडा गाव गाठलं. १५ डिसेंबरला किल्ला पडला. किल्लेदार बेनीसिंग लढताना गेला. आज गडावर फिरताना हे ध्यानात ठेवावं की बाहेरचा किल्ला उत्तरेला, आतला दक्षिणेला आणि दोन्हींच्या मध्ये घळ आहे. नकाशावर बोटभर दिसणारं अंतर पायाला दुप्पट पडतं. दरवाजे, तळी, मशीद आणि तट नीट पाहायचे तर पाच-सहा तास धरा. दरवाज्यापाशी फोटो काढून परतणाऱ्यांना तासभर पुरतो, त्यांची गोष्ट वेगळी.

धुक्यात हा सपाट माथाच घात करतो. जुलै-ऑगस्टमध्ये वीस पावलांपुढचं दिसत नाही, आणि पठारावर उतार नसल्यानं आपण कुठल्या अंगाला चाललोय हे पायांना कळत नाही. कडा सरळ समोर येतो. धुकं उतरलं की जागेवर थांबायचं, होकायंत्र काढायचं, उत्तर धरायची. मोबाइलचं नेटवर्क गाव सोडलं की भरवशाचं नाही. नकाशा आधीच उतरवून ठेवा आणि फोन विमान मोडवर टाका, नाहीतर टॉवर शोधता शोधताच बॅटरी संपते.

ढोरवाटांचं वेगळंच आहे. गुरं चारणाऱ्यांचा हा डोंगर, गाविलगड हे नावही गवळ्यांवरून आलं असं सांगतात. त्यामुळं रुळलेल्या वाटा जिकडंतिकडं आहेत, पण त्यातल्या निम्म्या कुठंच जात नाहीत. ढोरवाट आणि माणसाची वाट ओळखायची ती खाली नव्हे, वर बघून. ढोरवाट जमिनीवर चांगली रुंद असते, पण छातीच्या उंचीला फांद्या एकमेकींत अडकलेल्या असतात, कारण ढोरं त्यांच्याखालून जातात. माणसाच्या वाटेवर खांद्याच्या उंचीला कुऱ्हाडीनं तासलेली टोकं दिसतात, काही जुनी काळी पडलेली, एखाददुसरं ताजं पांढरं. शिवाय ढोरवाट डोंगराच्या कडेनं आडवी जाते, फाटत जाते आणि गवतात विरते. पन्नास पावलांत दोन फाटे फुटले तर मागं या. कोरकू आदिवासींच्या गावांत वाट विचारताना किती किलोमीटर हे विचारू नये, उत्तर ‘इथंच आहे’ असं येईल. ‘भाऊ, दुपारच्या आधी परत येणं होईल का?’ असं विचारा, मग नेमकं उत्तर मिळतं. त्यांच्या पायाच्या अंदाजात आपला निम्मा वेळ वाढवून घ्यायचा एवढंच.

फेब्रुवारी ते एप्रिल सागाचा पाला पडतो. थाळीएवढी पानं, खरखरीत, एकावर एक. खाली सुटी खडी असते ती दिसत नाही, आणि उतारावर पाय टाकला की पानासकट घसरतो. पाऊल आडवं टाकावं, टाच आधी रोवावी, काठी नेहमी उताराच्या बाजूला. काठीचं दुसरं काम पुढचा पाला हलवण्याचं. फुरसं दगडांच्या आडोशाला असतं आणि ते वाटेतून हटत नाही. उतरण्याआधी बुटाची नाडी घोट्यापाशी पुन्हा आवळून बांधा, नाहीतर बोटं पुढं आदळून नखं काळी पडतात. चढाला लागताना तीच नाडी थोडी सैल करायची.

याच दिवसांत वणव्याचा हंगाम. १५ फेब्रुवारी ते १५ जून जंगलात चूल नाही, बिडी नाही. वाऱ्याच्या दिशेनं धूर येताना दिसला तर चढावर पळू नये, आग चढावर माणसापेक्षा जोरात धावते. जळून गेलेल्या काळ्या पट्ट्यात किंवा नाल्याच्या उघड्या दगडांवर यायचं.

वाघाबद्दल सगळे विचारतात. पायी चालणाऱ्यानं जास्त धास्ती घ्यावी ती अस्वलाची. मार्च-एप्रिलमध्ये मोहाची फुलं पहाटे गळतात, त्याच वेळी अस्वल झाडाखाली येतं. नाक दांडगं पण खाताना त्याचं लक्ष नसतं, एकदम समोर माणूस आला की ते घाबरून अंगावर येतं. म्हणून त्या महिन्यांत उजाडल्यावर तासाभरानंच निघा, बोलत चला, वळणावर काठी दगडावर आपटा. दिसलंच तर पळायचं नाही, तोंड त्याच्याकडं ठेवून हळूहळू मागं सरकायचं. पिलं असतील तर आल्या वाटेनं थेट परत.

हिवाळ्यातला त्रास छोटा, पण दिवस वाया घालवणारा: खाजकुइली. वेलीवर वाकड्या मखमली शेंगा लोंबतात, सोनेरी तपकिरी. सुकल्या की त्यांची लव नुसत्या वाऱ्यानंही उडते. अंगाला लागली की घासू नये, घासल्यानं ती आत रुतते. चिकटपट्टी दाबून उपटायची, तीन-चार वेळा, दर वेळी नवी. पट्टी नसेल तर ओल्या मातीचा लेप, वाळला की सोलून काढायचा. मग धुवायचं. कपडे मात्र घरी येईपर्यंत वेगळ्या पिशवीत बांधून ठेवा. कुसळांना इलाज सोपा आहे: लोकरी मोज्यांऐवजी गुळगुळीत कापडाचे गेटर किंवा जुन्या छत्रीचं कापड पोटरीला गुंडाळलेलं.

अजून एक गोष्ट किनाऱ्याकडून येणाऱ्यांसाठी. इथं हिवाळ्यात सूर्य मुंबईच्या वीसेक मिनिटं आधी मावळतो. डिसेंबरात पावणेसहाच्या सुमारास. घळीत तर साडेचारलाच सावली भरते. तेव्हा चढ सुरू करायची वेळ दोनच्या पुढं जाऊ देऊ नका, आणि सोपी वाट असली तरी माणशी एक टॉर्च.

परवानगीचं थोडक्यात. मेळघाट १९७३-७४ पासून व्याघ्रप्रकल्प आहे, गाभ्यात पायी फिरता येत नाही. या रांगेतलं सर्वात उंच ठिकाण वैराट, ११७८ मीटर, तिथंही वनखात्याच्या नियमानं आणि गाडीनंच जायचं. नरनाळा किल्ल्याला जायचं तर अकोटकडून शहानूरच्या फाटकावर. तिथं त्या दिवशी काय उघडं आहे ते विचारून घ्या. जुने ब्लॉग वाचून निघालेले बरेच जण त्या फाटकावरूनच परततात. वहीत नाव, गाडीचा नंबर आणि परतीची वेळ लिहायची असते. परतताना थांबून त्या नावापुढं खूण करून घ्या. घाईत तसंच निघून गेलात तर रात्री वनरक्षक बॅटऱ्या घेऊन तुम्हाला शोधायला निघतात.