प्रोसेसरचं लॅपिंग: जुनी २६००के घासली, नव्या १२७००केला हात लावणार नाही

आधी सध्याची स्थिती. कपाटात पडून असलेली इंटेलची आय७-२६००के घासून झाली आणि मशीन व्यवस्थित चालू आहे. रोजच्या कामाच्या आय७-१२७००केला मात्र पॉलिश पेपर लावायचा नाही, हे आता पक्कं झालंय. घोडबंदर रोडवर एप्रिल-मे तापला की आपल्यापैकी कुणीतरी 'प्रोसेसर थंड राहावा म्हणून हीट स्प्रेडर, म्हणजे त्याच्यावरचं धातूचं झाकण, घासू का' हे विचारतोच (यालाच लॅपिंग म्हणतात), म्हणून सगळं आकड्यांसकट लिहितोय.

झाकण तांब्याचं असतं, वर निकेलचं प्लेटिंग. घासण्याच्या बाजूने नेहमी तीन मुद्दे येतात. निकेलचा थर निघतो, तांबं पातळ होतं आणि पृष्ठभाग सपाट होतो. कागदावर हिशोब केला तर पहिले दोन लगेच निकालात निघतात. १०० वॉट उष्णता साधारण ४ चौरस सेंटिमीटरमधून वर जाते असं धरू, कारण झाकणाखालची सिलिकॉनची चकती लहान असते आणि झाकणाच्या कडांपर्यंत फारशी उष्णता पोचत नाही. निकेलची उष्णतावाहकता तांब्याच्या पाव भागाहूनही कमी, हे खरं. पण प्लेटिंग असतं काही मायक्रॉनचं. ५ मायक्रॉन धरले तर फरक पडतो अंशाच्या शंभराव्या भागाच्या आसपास. तांबं ०.१ मिलिमीटरने पातळ केलंत, आणि हाताने तेवढं काढताना खांदे भरून येतील, तरी हाती लागणार ०.०६ अंश.

उरली थर्मल पेस्ट, म्हणजे झाकण आणि कूलर यांच्यामधली फट भरणारी. पेस्टची वाहकता ५ वॉट प्रति मीटर-केल्विन आणि थर ५० मायक्रॉनचा धरला, तर १०० वॉटला अडीच अंश तिथे जातात. सपाटी सुधारून थर निम्म्यावर आणला तर सव्वा अंश वाचतो. झाकण मुळात वाकडं असेल आणि मधे पेस्टचं डबकं साचत असेल, तर जास्त. म्हणजे सगळा खेळ सपाटीचा आहे आणि आपली चीप किती वाकडी आहे यावर तो ठरतो. लॅपिंगचं नाव झालं कोअर २ क्वाड क्यू६६००च्या काळात, २००७ नंतर, तेही याच कारणाने. त्या प्रोसेसरची झाकणं मधे खोलगट निघायची.

२६००के निवडली कारण २०११ची चीप, वॉरंटी केव्हाच संपलेली, आणि आत झाकण व सिलिकॉन यांच्यामध्ये सोल्डर आहे. पुढच्या आयव्ही ब्रिज पिढीत इंटेलने तिथे पेस्ट वापरली. तसल्या चीपवर वरून कितीही घासा, खरा अडथळा झाकणाच्या खाली असतो.

माझा मामा वागळे इस्टेटमधल्या एका टूल रूममधून फिटर म्हणून निवृत्त झाला. लॅपिंग हे त्याचं रोजचं काम होतं, त्यामुळे चीप आधी त्याच्याकडे नेली. त्याने चष्मा कपाळावर चढवला, स्टीलच्या पट्टीची धार झाकणावर आडवी ठेवली आणि खिडकीकडे धरली. मधून उजेड दिसत होता.

"खड्डा आहे," तो म्हणाला. "पण कागद हातात धरून घासणार असशील तर राहू दे. कागद खाली, जॉब (म्हणजे घासायची वस्तू) वर."

"ठोकळ्याला कागद गुंडाळून घासला तर?"

"कडा खाणार तो. आत्ता खड्डा आहे, मग टेकडी होईल."

त्याच्या सांगण्याप्रमाणे काचवाल्याकडून जाड काचेचा उरलेला तुकडा आणला. वॉटर पेपर गाड्यांच्या रंगकामाचं सामान विकणाऱ्या दुकानात मिळतो. ४००, ६००, ८०० आणि १००० नंबरचे घेतले. कागद काचेवर पाण्याने चिकटवायचा, खाली सुरकुती किंवा कण राहू द्यायचा नाही. झाकणावर मार्करने आडव्या-उभ्या रेघा मारायच्या आणि जॉब इंग्रजी आठच्या आकड्यासारखा फिरवायचा, मधेमधे पाव वळसा देऊन. जोर लावायचा नाही. एकाच बोटाने एकाच कडेवर दाबलं की उतार झालाच. माझ्या चीपवर चारही कडांची शाई आधी गेली आणि मधली बराच वेळ तशीच राहिली. पट्टीखालचा उजेड खोटा नव्हता. ४००वर सगळी शाई सारखी जाऊ लागेपर्यंत थांबायचं. खरं काम तिथेच होतं. पुढचे नंबर फक्त ओरखडे बारीक करतात.

मी २००० नंबरचा कागदही आणायचं म्हणत होतो, आरशासारखी चमक हवी म्हणून. मामा म्हणाला, "आरसा कशाला? तोंड बघायचंय का त्यात?" बरोबरच आहे. पेस्टला चकाकीशी देणंघेणं नाही. १०००वर थांबलो.

यात जपायची गोष्ट म्हणजे चिखल. तांबं-निकेलची पूड वीजवाहक असते, आणि ती खालच्या सोनेरी पॅडवर किंवा बारीक कपॅसिटरांत बसली तर सॉकेटमध्ये शॉर्ट व्हायला वेळ लागत नाही. खालची बाजू टेपने पूर्ण झाकली, शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुतली, आणि भिंगाखाली बघितल्याशिवाय बोर्डावर लावली नाही. एएमडीच्या एएम४ सॉकेटवाल्या रायझन प्रोसेसरला खाली पिना असतात, तिथे हे काम आणखी नाजूक.

आता मोजणी. खोलीचं तापमान, पंख्याचा वेग, व्होल्टेज, क्लॉक, सगळं एकसारखं ठेवून प्रोसेसरवर पूर्ण ताण देणारं प्राइम९५ सॉफ्टवेअर चालवलं. आधी आणि नंतर कूलर काढून, पुसून, पेस्ट नव्याने लावून पुन्हापुन्हा मोजलं, कारण नुसतं कूलर काढून परत बसवलं तरी आकडा अंश-दोन अंशांनी हलतो. एकदाच मोजून 'तीन अंश कमी झाले' म्हणणाऱ्यावर माझा विश्वास नाही. माझा सरासरी फायदा जेमतेम तीन अंश. जुन्या, वाकड्या, सोल्डरवाल्या चीपवर. वाईट नाही, पण पंख्याचा वेग थोडा वाढवला असता तरी तेवढं मिळालं असतं.

आणि खोली? मे महिन्यात दुपारी माझी खोली ३४ला असते, एसी लावला की २६ला. हा आठ अंशांचा फरक जवळजवळ जसाच्या तसा प्रोसेसरवर दिसतो. फेब्रुवारीच्या रात्रीचे आणि मेच्या दुपारचे आकडे शेजारी ठेवून लॅपिंगचा निवाडा करू नका.

१२७००केचं प्रकरण वेगळं आहे. तिच्या एलजीए१७०० सॉकेटची चीप लांबट, ३७.५ बाय ४५ मिलिमीटर, आणि सॉकेटची पकड तिला मधे दोन बाजूंनी दाबते. त्यामुळे ती वाकते, झाकण मधे खचतं. म्हणजे टेबलावर घासून काचेसारखी सपाट केली तरी सॉकेटमध्ये अडकवली की पुन्हा वाकणार! तिथे इलाज घासण्याचा नाही, पकडीचा. मी कॉन्टॅक्ट फ्रेम, म्हणजे मूळ पकडीऐवजी लावायची, सगळीकडून सारखा दाब देणारी चौकट, बसवली आणि सुमारे पाच अंश मिळाले. स्क्रू मात्र बेताने; जास्त आवळले तर रॅमचा एखादा चॅनल दिसेनासा होऊ शकतो. मूळ पकड काढल्यावर बोर्डाच्या वॉरंटीवर प्रश्न येऊ शकतो, तेही गृहीत धरा. तरी फ्रेम काढता येते, घासलेलं तांबं परत चढवता येत नाही.

झाकणावरचं नाव आणि नंबर पहिल्या काही मिनिटांतच गेले. वॉरंटी संपते हे सगळ्यांना माहीत असतं, पण विकायला काढल्यावर 'ही २६००केच कशावरून' याला उत्तर नसतं. पेस्टऐवजी लिक्विड मेटल (गॅलियमचा द्रव मिश्रधातू) वापरणाऱ्यांनी तर निकेल जपावंच. गॅलियम उघड्या तांब्यात मुरतं आणि थर हळूहळू सुकत जातो. आणि तुमच्या कूलरचा तळ सपाट आहे का? नॉक्टुआ ही कूलर बनवणारी कंपनी तळाला मुद्दाम किंचित फुगवटा ठेवते. त्यांच्या २०२४च्या एनएच-डी१५ जी२ कूलरचे तर कमी-जास्त फुगवट्याचे वेगळे प्रकार आहेत. त्याखाली नुसती चीप सपाट करून जोडी जमेलच असं नाही. ज्यांच्या हीटपाइप (उष्णता वाहून नेणाऱ्या नळ्या) झाकणाला थेट टेकतात ते कूलर तर घासूच नका, नळ्यांच्या भिंती पातळ असतात.

१२७००केवर सगळ्यात जास्त मिळालं ते बायोसमधून, फुकटात. पॉवर लिमिट, म्हणजे प्रोसेसरने जास्तीत जास्त किती वीज ओढायची ती मर्यादा, १९०वरून १२५ वॉटवर आणली, तर पूर्ण लोडला पंधरा-वीस अंश उतरले आणि रेंडरला थोडा जास्त वेळ लागू लागला. आता १२५ ते १५०च्या मधे कुठे थांबायचं ते बघतोय. ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमधले रेंडरचे आकडे एसी बंद ठेवून भर दुपारी घेईन आणि पुढच्या नोंदीत टाकीन.