कुंपण नसलेल्या माळावर पाच रात्री

टांझानियातल्या सेरेनगेटी राष्ट्रीय उद्यानातली पहिली रात्र. अडीच वाजले असतील. तंबूच्या कापडापलीकडे कोणीतरी गवत तोडून खात होतं. कर्र कर्र आवाज, मधूनच एक जड श्वास. बायकोने माझा हात घट्ट धरला. उजाडेपर्यंत दोघंही हललो नाही. सकाळी बाहेर शेणाचे ताजे पो पडले होते. रानरेड्यांचा कळप आमच्या तंबूंमधून चरत गेला होता.

सेरोनेरा भागातल्या सार्वजनिक कॅम्पांना कुंपण नसतं. लॉज परवडत नव्हते म्हणून आम्ही तंबू निवडले. आता पैसे असले तरी तंबूतच राहीन. दिवसा गाडीतून प्राणी सगळ्यांनाच दिसतात, पण तरसाची ती वर चढत जाणारी हाक आणि पहाटे दुरून येणारं सिंहाचं खर्जातलं हुंकारणं पाठीखालच्या जमिनीतून ऐकायचं तर जमिनीवरच झोपावं लागतं.

आम्ही चौघं फेब्रुवारीत गेलो. मुंबई ते नैरोबी विमान, पुढे नमांगा सीमेवरून शटल बसने टांझानियातलं अरुशा. याच वाटेने जाणार असाल तर पीतज्वराची (यलो फीव्हरची) लस निघण्याच्या किमान १० दिवस आधी घ्या. सीमेवर आमचं पिवळं कार्ड, म्हणजे या लशीचा दाखला, तपासलं. केनियातून भारतात परतताना ते नसेल तर ६ दिवसांपर्यंत विलगीकरणात राहावं लागू शकतं. लस एकदा घेतली की आयुष्यभर चालते, पण ठरावीक केंद्रांवरच मिळते, त्यामुळे तारीख आधी पकडा. मलेरियाच्या गोळ्यांचं डॉक्टरांना विचारा. डॉलरच्या नोटा नव्या आणि न दुमडलेल्या न्या. जुन्या छपाईच्या नोटा घेत नाहीत. टांझानियात २०१९पासून प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आहे. चिवडा-लाडू पिशव्यांत बांधायची आपली सवय इथे सोडायची, डबे घ्यायचे. कडक सुटकेस नको, मऊ बॅग हवी. ती जीपमध्ये कुठेही दाबून बसते.

पहिला मुक्काम तारांगिरे राष्ट्रीय उद्यानात. आपल्याकडे वसईच्या किल्ल्यात भेटणारी गोरखचिंच इथे रानभर उभी आहे, आणि तिच्या खोडांवर हत्तींच्या सुळ्यांच्या जखमा दिसतात. आफ्रिकेतून आलेलं हे झाड त्याच्या मूळ घरी पाहताना मला फार बरं वाटलं. इथे त्सेत्से माश्या चावतात, कपड्यांवरूनही. निळा आणि काळा रंग त्यांना खेचतो, तेव्हा खाकी किंवा मातकट कपडे घाला.

सोबत चालक-गाइड आणि आचारी होते. स्वाहिलीत काका म्हणजे भाऊ आणि दादा म्हणजे बहीण! आचारी माझ्या बायकोला ‘दादा’ म्हणायचा, आणि दुसऱ्या दिवसापासून तीही हाकेला ओ द्यायला लागली. शाकाहारी असाल तर बुकिंगच्या वेळीच सांगा. आम्हाला चपाती, घेवड्याची उसळ, भोपळ्याचं सूप आणि कचुंबारी मिळाली; हो, आपली कचुंबरच, नावासकट.

फेब्रुवारी निवडण्याचं कारण विल्डबीस्टची, म्हणजे बैलासारख्या दिसणाऱ्या हरणांची, पिल्लं. सेरेनगेटीतल्या नाबी टेकडीच्या दक्षिणेचा माळ जुन्या ज्वालामुखींच्या राखेने बनलाय. त्या गवतात कॅल्शियम आणि फॉस्फरस भरपूर, म्हणून व्यायला कळप इथे येतात. बहुतेक पिल्लं दोन-तीन आठवड्यांत जन्मतात. एकदम इतकी, की शिकारी सगळी खाऊच शकत नाहीत. आम्ही चालकाला इंजीन बंद करायला सांगून एका कळपाजवळ दोन तास थांबलो. एक मादी आडवी झाली, पिल्लू बाहेर आलं, तीनदा कोसळलं, चौथ्यांदा उभं राहिलं. मी घड्याळ पाहिलं, सात मिनिटं. पलीकडे दोन तरसं बसून होती. तेवढ्या वेळात शेजारून तीन गाड्या वायरलेसवर बिबट्याची खबर ऐकून धूळ उडवत गेल्या. त्यांच्यामागे जायचा आग्रह धरू नका. चालकाला पहिल्याच दिवशी सांगून ठेवा, की आम्हाला थांबायला आवडतं.

रात्रीचे नियम मात्र कडक पाळा. तंबूत खाण्याचा कणही नको, टूथपेस्टसुद्धा नको. अंधारात बाहेर पडावं लागलं तर आधी चेन थोडी उघडून टॉर्च चारी बाजूंना फिरवा. डोळे चमकले तर आतच राहा. एकट्याने जाऊ नका आणि झोपायच्या आधी पाणी कमी प्या.

शेवटचा मुक्काम गोरोंगोरो या ज्वालामुखीच्या विवराच्या कड्यावर, सिम्बा कॅम्पमध्ये. कडा साधारण २३०० मीटर उंच, म्हणजे आपल्या १६४६ मीटरच्या कळसूबाईपेक्षाही बराच वर. आफ्रिका म्हणून पातळ कपडे आणलेले शेजारचे लोक रात्रभर कुडकुडले. थर्मल, कानटोपी आणि जाड स्लीपिंग बॅग हवीच. सकाळी सुमारे ६०० मीटर खाली उतरलं की विवराचा तळ लागतो. तिथे दोन काळे गेंडे दिसले, दुर्बिणीतूनच. न्गोइतोकितोक तळ्यापाशी जेवताना डबा गाडीच्या आतच उघडा. घारी हातातला घास उचलतात.

आदल्या संध्याकाळची गोष्ट सांगायची राहिली. स्वयंपाकघराजवळच्या पाण्याच्या टाकीपाशी एक सुळेवाला हत्ती आला, सोंड आत घातली आणि निवांत प्यायला लागला. तीस-चाळीस माणसं हातात ताटं घेऊन जागच्या जागी उभी. कोणी बोललं नाही. पाणी सोंडेत चढल्याचा आवाज स्पष्ट ऐकू येत होता.